थंड पेटीतल्या माद्या

थंड पेटीत उबवलेल्या अंड्यांतून कासवाचे नरच निघतात. प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या वीस वर्षांच्या कामात याला अपवाद नव्हता. यंदा मात्र तळ्यातल्या कासवांच्या तीस अंड्यांतून अकरा माद्या निघाल्या. त्याच पेटीतली नदीच्या कासवांची अंडी शहाण्यासारखी वागली, सगळे नर.

मॅडमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पेटीची किल्ली त्यांच्याकडे आणि अंडी सांभाळणाऱ्या मामांकडे. मामांच्या निवृत्तीला चार महिने उरलेले, म्हणजे लक्ष उडालं असणार! दार उघडं राहत असेल, नाहीतर ट्रेच बदलले असतील.

दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. एरवी त्या दिवसातून एकदा येत आणि हाताला येतील ती अंडी उचलून बघत; आता चारदा यायचं. हातमोजे घातले की अंड्याची ऊब कळत नाही, हे त्यांचं ठाम मत. मामा कोपऱ्यात वहीत काहीतरी खरडत आणि मॅडम वळल्या की वही मिटत. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

या खेपेला माद्या एकवीस. मॅडमनी तडक संचालकांकडे मामांची तक्रार धाडली आणि मामांच्या हातातली वही ओढून घेतली.

तापमान तासातासाला लिहिलेलं, कुठे अर्ध्या अंशाचाही फरक नाही. खाली अंड्यांचे नंबर, काहींपुढे फुल्या. तळ्याच्या एकवीस अंड्यांपुढे फुली होती, आणि माद्या निघाल्या त्या नेमक्या त्याच. नदीच्या अंड्यांपुढेही फुल्या होत्या, पण तिथे नरच.

"ही फुली कसली?"

"तुम्ही हात लावलेल्या अंड्यांची," मामा चाचरले. "मला वाटलं, तुम्हीच अदलाबदल करताय. रागावू नका."

मॅडमनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. पाळी जातानाच्या त्रासावर डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं, म्हणजे स्त्री-संप्रेरकाचं, जेल त्या यंदापासून रोज सकाळी याच हातानं दंडाला चोळत आणि हात नुसता नळाखाली धरत. हाताला उरलेला तेवढा अंश नदीच्या कासवांच्या गावीही नव्हता. तळ्याच्या कासवांची पेशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या इतकी हळवी होत आली होती, की तेवढ्यानंही तिनं नराची मादी केली. वीस वर्षं त्या या दोन जातींतला हाच फरक शोधत होत्या. त्यांना आनंद झाला, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन वाजला. संचालकांनी मामांना बोलावलं होतं.

"मला कशाला?"

"मी तुमची तक्रार केलीय, मामा."

मामांनी पेटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वही तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या हाताचं सगळं आहे तीत."

मॅडमनी वही छातीशी धरली आणि संचालकांच्या खोलीकडे त्या मामांच्या पुढे चालू लागल्या.