पावण्यांनी बसवलेली सुई

आपण फिटर आहोत असं केदारीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं. सांगितलं ते लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं. शहापुरातल्या विणकराचा हा मुलगा, माग सोडून बेळगावच्या एका मोटार गॅरेजात लागला होता, हे खरं. पण तिथं तो चाकं काढायचा, पंक्चर जोडायचा, ग्रीस भरायचा. इंजिनाला हात लावायचा तो मिस्त्रीनं. मध्यस्थानं निपाणीत जाऊन "पोरगं मोटारीचं फिटर हाय" असं ठोकून दिलं, तेव्हा केदारी शेजारीच बसला होता. त्यानं चहाच्या बशीत बघितलं आणि तो गप्प राहिला. गप्प राहायला कष्ट पडत नाहीत, म्हणूनच माणूस त्यात फसतो.

सासरा यल्लाप्पा याची स्वतःची लॉरी होती. निपाणीच्या वखारीतून तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात बांधलेले गठ्ठे, भरायचे आणि तवंदीचा घाट चढून बेळगावला टाकायचे, हा त्याचा धंदा. थोरला मुलगा भरमू त्याच्याबरोबर असे. लॉरी म्हातारी, पण इमानी. लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं, आणि तिची भूक घरात सगळ्यांना खुपायला लागली.

त्यात अधिक महिना आला. जावयाला बोलावणं गेलं. सासू राजाबाईनं पुरणाचे धोंडे तळले, नवं धोतर दिलं, चांदीचं निरांजन दिलं, आणि जावई पोटावर हात फिरवत सोप्यात टेकला तेव्हा शेजारच्या अक्काताईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पावणं, आमची गाडी लई पेट्रोल खातीया. तुमच्या हाताखालनं एकदा काढा की."

यल्लाप्पा घाईघाईनं म्हणाला, "अगं, पावण्यास्नी आज काम सांगतीस व्हय?"

तिथं "आज नको" म्हणून सुटता आलं असतं. पण अंगणात अक्काताई होती, गल्लीतली चार माणसं होती, आणि आपली बायको अंजनी दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. केदारी उठला.

कार्ब्युरेटरला पेट्रोल कमीजास्त करायची एक सुई असते. बाहेरून स्क्रूसारखं डोकं. आत फिरवली की पेट्रोल कमी, सोडली की जास्त. इंजिन सुरू ठेवून केदारीनं ती, इंजिन अडखळेपर्यंत, आत घेतली आणि मग किंचित सोडली. मिस्त्रीला असंच करताना त्यानं लांबून पाहिलं होतं. त्यानंतर मिस्त्री गाडी भरून चढावर नेतो आणि सुई पुन्हा बघतो, ते मात्र लांबून दिसलं नव्हतं. अंगणात रिकाम्या उभ्या गाडीचा काळा धूर गेला, आवाज मऊ झाला. राजाबाईनं अक्काताईकडं असं बघितलं की अक्काताईला मान डोलवावीच लागली.

"एका ग्यालनात दोन मैल तरी जास्त जाईल," केदारी म्हणाला. आता तर तो बोललासुद्धा.

त्यानंतर एक झालं. यल्लाप्पा बेळगावला बोद टाकले की शहापुरात लेकीच्या घरी डोकवायचा, पाणी पिऊन जायचा. तो यायचा बंद झाला. पाऊस सरला, दसरा गेला, तरी आला नाही. अंजनीनं आधी वाट बघितली, मग ती नवऱ्याला विचारायला लागली, "तुमचं काय चुकलंमाकलं न्हाई न्हवं?" शेवटी तिनं त्याला निपाणीला धाडलंच.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धापा टाकत तवंदीच्या घाटमाथ्यावर आली आणि उताराला लागली. अर्ध्या उतारावर केदारीला रस्त्याच्या कडेला बोद रचलेले दिसले. त्यांच्या राखणीला, पदर डोक्यावर ओढून, उन्हात एक बाई बसली होती. ती राजाबाई होती.

त्यानं मोटार थांबवायला लावली आणि तो उतरला.

सासू धडपडत उठली. "अगंबाई, पावणं. हितं कुठं उतरलासा? घरला जायाचं न्हाई व्हय?" तिनं एका बोदावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बसा."

"आत्ती, ह्ये काय?"

"काय न्हाई. वज्जं जरा जास्ती झालं. निम्मं वर सोडायला ग्येल्यात. येतील आता."

लॉरी रिकामी होऊन खाली आली. यल्लाप्पानं जावयाला बघितलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा त्याचाच चेहरा उतरला. "टायरनं दगा दिला, पावणं," तो म्हणाला. केदारीनं सवयीनं चाकांकडं नजर टाकली. टायर चांगले होते. भरमूनं मुकाट्यानं उरलेले बोद चढवले आणि लॉरी चढाला लागली. शंभर पावलंही गेली नसेल, तापलेल्या इंजिनाला निम्मं वजनही झेपेना; कार्ब्युरेटरमधून उलटे फटके यायला लागले, रेडिएटर उकळला आणि गाडी जागेवर मेली. भरमूनं चाकाखाली दगड लावला. दगडसुद्धा गाडीत तयार ठेवलेला होता.

केदारीला सगळं कळलं. कानशिलं तापली. गाडीला पेट्रोल पुरत नव्हतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं तोडलं होतं.

"कधीपासनं असं?" त्यानं विचारलं.

भरमूच्यानं राहवेना. "तुमी ग्येल्यापासनं. दर खेपंला दोनदा घाट. मग अंजनीकडं डोकवायला येळ कुठला? सुई अर्धा फेरा सोडली की चढंल, मला ठावं हाय. पर आबा हात लावू देत न्हाईत. म्हणत्यात, पावण्यांनी बसवलेली हाय, त्यांच्या माघारी फिरवली तर त्यांचा अपमान हुतो."

"गप ए," यल्लाप्पा ओरडला. मग जावयाकडं वळून, शब्द जुळवत म्हणाला, "तसं न्हवं, पावणं. आता हवा बदलली. हवा बदलली की सुई बी बदलाय लागती, व्हय न्हवं? तुमी आलासा ते बरं झालं. तुमीच तुमच्या हातानं सोडा." आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर पुढं केला.

केवढी सोय करून दिली होती म्हाताऱ्यानं. फक्त "व्हय" म्हणायचं, अर्धा फेरा द्यायचा, आणि घाट चढून फिटर म्हणून परत जायचं. केदारीनं स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही. पण बोदांशेजारी सासू उभी होती. तिच्या नाकाची कातडी उन्हानं सोलली होती. दर खेपेला ही बाई इथं येऊन बसत होती, आणि घरी गेल्यावर गल्लीत जावयाचं कौतुक सांगत होती.

"मी फिटर न्हाई," केदारी म्हणाला. "मी चाकं काढतो. इंजिनाला मला कोण हात लावू देत न्हाईत. सुईचं मला काय बी येत न्हाई."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर भरमूच्या हातात दिला. शरमेनं त्याला रस्त्याकडंसुद्धा बघवेना.

"ठावं हाय," यल्लाप्पा हळूच म्हणाला. "लगनाआधीच गॅरेजाम्होरनं ग्येलतो. चाक बसवताना बघितलंतं. मन लावून बसवत हुतासा, म्हणून पोरगी दिली."

"मग त्या दिशी हात का लावू दिलासा?"

"समद्यांम्होरं जावयाला न्हाई कसं म्हणायचं?"

राजाबाईला मात्र ठाऊक नव्हतं. ती एकदा नवऱ्याकडं, एकदा जावयाकडं बघत राहिली. "मी अक्काताईला काय काय सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. केदारीला सगळ्यांत लागलं ते हे. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

भरमूनं बॉनेट उघडून सुई सोडली. इंजिन खडबडून बोललं, जरा धूर टाकला आणि ताकदीला लागलं. रेडिएटर निवेपर्यंत थांबायचं होतं. यल्लाप्पानं पाना काढला. आजवर तो जावयाला "पावणं" नाहीतर "केदारीराव" म्हणत आला होता.

"केदारी," तो म्हणाला, "मागलं डावं चाक जरा खेळतंय. बघ."

केदारी चाकाशी बसला. नट त्यानं एकेक करून, समोरासमोरचे आवळले. ते काम त्याला येत होतं. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं, हे बरंच झालं, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

मग राजाबाईनं भाकरीचं गाठोडं सोडलं. या घरात जावयाचं ताट वाढून झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला घास मिळाला नव्हता. तिनं पहिली भाकरी नवऱ्याला दिली, दुसरी भरमूला, मग स्वतःसाठी अर्धी मोडली. उरलेली अर्धी, वर ठेचा घालून, तिनं केदारीपुढं धरली. बस म्हणाली नाही, पावणं म्हणाली नाही.

त्यानं ग्रीसनं काळे झालेले दोन्ही हात पुढं केले. ती अर्धी भाकरी त्यानं सगळी संपवली.