कोमट बिअरची तक्रार

वेदांग टिपरेला नोकरीत कायम करायचं की चिंचवडला परत धाडायचं, हे त्याचा बॉस ग्रॅहम एका पबमध्ये ठरवणार होता.

अबू धाबीतल्या त्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ही जुनी पद्धत होती. ज्याचं प्रोबेशन संपत आलंय त्याला ग्रॅहम एका संध्याकाळी ‘लेम हॉर्स’मध्ये घेऊन जायचा आणि सोमवारी निकाल लागायचा. तिथे तो नेमकं काय तपासतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या फैजने तिथे फक्त ऑरेंज ज्यूस घेतला आणि तो कायम झाला. त्याच्या आधीच्या एकाने ग्रॅहमच्या ग्लासाला ग्लास लावून पिऊन दाखवली, तर त्याला विमानतळावर पोचवायला अख्खं डिपार्टमेंट गेलं.

“बस, नॅचरल रहना, हबीबी,” फैजने सल्ला दिला होता. वेदांगला नेमकं तेवढंच जमत नसे. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येही तो पासपोर्टच्या फोटोसारखा उभा होता.

परत जायचं तर तोंड कुठे लपवायचं, हा प्रश्न होता. निघताना सोसायटीने क्लबहाउसमध्ये त्याचा निरोपसमारंभ केला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, ‘आपल्या बी विंगचा झेंडा आता आखातात’ असं सेक्रेटरींचं भाषण झालं. आभार मानताना वेदांगने आवाज कापरा केला होता, तोही आदल्या दिवशी सराव करून. सहा महिन्यांत परत आलं तर शाल परत करायची असते का, याबद्दल सोसायटीच्या नियमांत काही नव्हतं. तशी वेळच आजवर कुणावर आली नव्हती.

म्हणून त्याने तयारी केली. रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये बसून इंग्रजी एलवरचे व्हिडिओ पाहिले. एल म्हणजे तिकडची जुन्या पद्धतीची बिअर, इथपासून सुरुवात होती. मग ‘माल्टी’, ‘हॉपी’, ‘लाँग फिनिश’ (म्हणजे घोट गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी चव) असे शब्द आरशासमोर पाठ केले. एलच्या तापमानावरचा एक व्हिडिओ मात्र त्याने सोडून दिला. बिअर किती थंड असावी हे आपल्याला कुणी गोऱ्याने शिकवायची गरज नाही, असं त्याचं मत होतं. त्याची बायको आभा इस्त्री करता करता हे सगळं ऐकत होती.

“तू बोलूच नकोस तिथे,” ती शेवटी म्हणाली. “गप्प असलास की तू विचारी वाटतोस. मी नाही का फसले?”

‘लेम हॉर्स’ एका जुन्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर होता, जिम आणि लाँड्री यांच्या मधोमध. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. टॅक्सीतून उतरून दारापर्यंत जाताना वेदांगचा शर्ट पाठीला चिकटला. आत पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. एसी इतका गार ठेवला होता की भिंतीतली शेकोटी पेटवावी लागली होती. शेकोटी विजेची होती, तिच्यातली लाकडं प्लास्टिकची होती, आणि तिच्यापुढे पाचसहा इंग्रज म्हातारे चक्क हात शेकत बसले होते. छताला काळ्या तुळया होत्या. वेदांगने जाता जाता टिचकी मारून पाहिली, तर त्या पोकळ निघाल्या. सगळं खोटं होतं आणि तरीही बसल्या बसल्या झोप यावी इतकं उबदार. असं काही आपल्या ऑफिसातही असावं, असं त्याला वाटून गेलं.

बारच्या मागे सुजीत नावाचा केरळचा बारमन होता. त्याच्यासमोर एक लाकडी दांडा होता, थेट गावाकडच्या हापशासारखा, आणि दांड्यावर बिअरच्या नावाची छोटी पाटी लटकवलेली. ग्रॅहमने दोन बोटं वर केली. सुजीतने हापसा ओढला. दोन उंच ग्लास भरले, काळपट तांबूस, काढ्याच्या रंगाचे. म्हाताऱ्यांनीही आपापले रिकामे ग्लास बारवर सरकवून ठेवले होते. देवळात तीर्थासाठी थांबावं तसे ते गप्प थांबले होते.

ग्रॅहम कमी बोलणारा माणूस. त्याने ग्लास उचलला, “चिअर्स” म्हणाला आणि वेदांगकडे बघत राहिला.

वेदांगने घोट घेतला.

कोमट. गॅस नावालाही नाही. चव अशी, की कुणीतरी काल उघडलेली बाटली झाकण न लावता ओट्यावर विसरावी. वेदांगचं बिअरविषयीचं सगळं शिक्षण गच्चीवर झालं होतं, बर्फाने भरलेल्या बादलीपाशी, आणि त्या शिक्षणाप्रमाणे हे पेय मरून किमान एक दिवस झाला होता.

‘माल्टी’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हीच ती परीक्षा. बॉसने मुद्दाम खराब बिअर मागवली होती. कारण कामाच्या पहिल्याच दिवशी ग्रॅहमने बजावलं होतं, की लिफ्टमधला आवाज चुकीचा वाटला तर आधी लिफ्ट बंद करा, चर्चा मागाहून. विमानतळावर पोचलेला तो बिचारा खराब बिअर गोड मानून प्याला होता. फैजने ती प्यायलीच नव्हती. सगळं जुळत होतं. आपल्या हुशारीने वेदांगच्या अंगावर काटा आला; एसीचाही थोडा वाटा असावा.

तो उठला. ग्लास घेऊन बारपाशी गेला. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, “ही बिअर खराब आहे. गॅस गेलाय, आणि गरम झालीय. बंद करा.”

सुजीतने वाद घातला नाही. ग्लासकडे पाहिलं, वेदांगकडे पाहिलं, शेकोटीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहायचं टाळलं. मग हात पुढे करून त्याने दांड्यावरची पाटी उलटी फिरवली. कोरी बाजू पुढे आली. वेदांगला पाटीचा अर्थ माहीत नव्हता, पण मागून एक आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम श्वास सोडला होता.

तो टेबलाशी परतला तेव्हा ग्रॅहमच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते वेदांग प्रथमच पाहत होता, त्यामुळे ते हसूच आहे याची खात्री करायला थोडा वेळ गेला.

“सहा महिन्यांत तू पहिल्यांदा माझ्यासमोर स्वतःचं मत मांडलंस,” ग्रॅहम म्हणाला. “इथे आणलं की सगळे ‘लव्हली’ म्हणतात. फैजने नुसता वास घेऊन मोज्यांची आठवण येते म्हणून सांगितलं. मला असाच माणूस लागतो. सोमवारी सही करतो.”

झालं. वेदांग कायम झाला. आभाला मेसेज करायला त्याने टेबलाखाली फोन काढला, ‘झालं’ एवढं लिहिलंही, आणि मान वर केली. ग्रॅहम शांतपणे आपला ग्लास पीत होता. तीच बिअर. चवीने.

“पण ती खराब आहे ना?” वेदांगने विचारलं.

“छे,” ग्रॅहम म्हणाला. “उत्तम आहे.”

तेवढ्यात शेकोटीपासचा सगळ्यात म्हातारा, डेरेक नावाचा, काठी टेकत आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्याने अतिशय नम्रपणे परवानगी मागून खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. ही बिअर अशीच असते. तिच्यात वरून गॅस भरत नाहीत, ती पिपात जिवंत असते, तळघराइतकीच गार ठेवतात. इंग्लंडहून महिन्यातून एकच पीप येतं, आणि उघडलं की तीन दिवसांत संपवावं लागतं. हे आजच उघडलं होतं. मागच्या महिन्यातलं बंदरातच उन्हात तापलं, म्हणजे ही मंडळी दोन महिने थांबली होती. त्यांच्यातल्या एकाने त्यासाठी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. त्याने तिकडून गुडघा दाखवला.

सुजीतही येऊन उभा राहिला. त्याने खालच्या आवाजात हॉटेलचा नियम सांगितला. गिऱ्हाइकाने एखादा पदार्थ खराब म्हटला, की तो दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. शिफ्ट संपताना अख्खं पीप मोरीत ओतायचं. “आप खुद बोलोगे ठीक है, तभी चालू होगा, सर.”

पाचसहा जोडी निळे डोळे वेदांगवर खिळले. त्यांत राग नव्हता. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आल्यावर नातेवाईक बघतात, तसं ते बघत होते.

आणि समोर ग्रॅहम. तो मागे रेलून, हाताची घडी घालून, मोठ्या उत्सुकतेने हे सगळं ऐकत होता.

वेदांगला आपण कुठे अडकलोय ते कळलं. बिअर चांगली आहे म्हणावं, तर तो ‘लव्हली’वाला ठरणार, आणि ‘लव्हली’वाले विमानतळावर जातात. खराबच आहे म्हणावं, तर पीप मोरीत, आणि त्या गुडघ्याचं पाप जन्मभर डोक्यावर. अडचणीत सापडलेला मराठी माणूस करतो तेच त्याने केलं. विचार करायला वेळ मिळावा म्हणून समोरचं पिऊन टाकलं. अर्धा ग्लास एका दमात संपला. चव तसूभरही सुधारली नव्हती.

“कशी आहे?” डेरेकने विचारलं.

‘लाँग फिनिश’ हे शब्द जिभेवर आले होते. पण फिनिश इतकी लांबली होती, की तोंडातून खोटं बाहेर पडायला जागाच नव्हती.

“मला कळत नाही,” वेदांग म्हणाला. “आमच्याकडे बिअर इतकी गार करतात, की दाताला कळ येते आणि चवीचा प्रश्नच उरत नाही. चव असलेली बिअर मी आज पहिल्यांदा प्यालो. मला ती अजिबात आवडली नाही. पण खराब बिअर नाहीये, गिऱ्हाईक आहे. मी सगळे व्हिडिओ पाहिले, फक्त तापमानाचा नाही पाहिला.”

सुजीतने हे उत्तर नियमात बसतं का, याचा क्षणभर विचार केला. मग तो बारकडे गेला आणि पाटी सरळ केली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ती त्यांची पद्धत नव्हती. फक्त सगळे एकदम उठून, काठ्या विसरून, हापशाकडे गेले. ज्याचा गुडघा होता तो सगळ्यात पुढे.

टेबलाशी दोघेच उरले. ग्रॅहमचं हसू मावळलं होतं.

“म्हणजे जे तुला कळत नव्हतं, ते तू बंद पाडलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“ठणकावून.”

“हो. मला वाटलं, ही परीक्षा आहे.”

“कसली परीक्षा? मला गुरुवारी बिअर प्यायला सोबत लागते.” ग्रॅहमने ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं. सोमवारची सही त्याच बोटाने पुसली जातेय, असं वेदांगला दिसत होतं. “हे बघ, चूक कबूल केलीस, ते बरं केलंस. पण घाई आहे तुझ्यात. प्रोबेशन तीन महिने वाढवून देतो. निवांत शीक. चालेल ना?”

चालेल म्हणजे काय, धावेल. तीन महिने म्हणजे जीवदान होतं, आणि वेदांगला ते हवं होतं. पण कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात मेंदूचा संबंधच येत नसे. लाडू असो, चहा असो, जावयाचा मान असो. आधी नको, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग पुन्हा नको, मग “बरं, अर्धाच”. त्याचा हात आपोआप ताटावर धरावा तसा ग्लासावर आडवा झाला आणि तोंडातून शब्द निघाले, “नो, नो. प्लीज. नको, खरंच नको.”

आणि तो आग्रहाची वाट बघत थांबला.

ग्रॅहम इंग्लंडच्या ज्या गावातून आला होता, तिथे नको म्हणजे नकोच असतं. त्याने वेदांगकडे नीट पाहिलं. आडव्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कुणीही त्याच्या तोंडावर मुदतवाढ नाकारली नव्हती.

“स्वतःबद्दल एवढी खात्री आहे?” त्याने विचारलं.

वेदांगला स्वतःच्या नावाचीही खात्री वाटत नव्हती. “नाही, म्हणजे...” तो म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं असतं ते आठवेना, कारण आग्रह काही आलाच नव्हता. आभाचा सल्ला आठवून नव्हे, शब्द संपले म्हणून तो गप्प बसला. बऱ्यापैकी विचारी दिसला असावा.

“ठीक आहे,” ग्रॅहम म्हणाला. “मग सोमवारीच सही करतो. पण पुढच्या वेळी बंद पाडण्याआधी मला विचार.”

तो दुसरा ग्लास आणायला उठला. वेदांगचा हात अजून ग्लासावर तसाच होता. काढला तर काही बिघडेल की काय, या भीतीने त्याने तो तिथेच ठेवला. डेरेक मिशीला फेस लावून परत आला आणि खारवलेल्या शेंगदाण्यांची वाटी त्याच्यासमोर धरून घेणार का विचारू लागला.

“हो,” वेदांग घाईघाईने म्हणाला. “हो, हो. सगळे घेतो.”