व्हय म्हणणारा माणूस

माझं काय चुकलं ते सांगतो, पण मध्येच कुणी समजूत घालायची नाही. समजूत घालणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

२००९ साल. मालवणच्या बाजारात एका सायबर कॅफेत मी कामाला होतो. बी.एस्सी. झालेलो, दुसरी नोकरी नाही, घरी बापाची मासेमारीची होडी. लोक येऊन रेल्वेची तिकिटं काढत, निकाल बघत, आणि उरलेला दिवस इंटरनेट माझं. तिथंच मला ती मंडळी भेटली. फिनलंड, कॅनडा, ब्राझील, कुठकुठले लोक एका संकेतस्थळावर जमायचे. नीट विचार कसा करावा, स्वतःच स्वतःला कसं फसवू नये, यावर तासन्‌तास वाद घालायचे. ‘मला वाटतं’ म्हटलं की लगेच प्रश्न यायचा, किती टक्के वाटतं? मालवणात मी ‘लवूचो झील’, लवूचा मुलगा. त्या संकेतस्थळावर मला कुणी बाप विचारला नाही, जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं, खरंच सांगतो. नाव नोंदवताना ‘देश’ अशी एक चौकट होती. तिच्यात मी लिहिलं, पृथ्वी.

घरी जेवताना ऐटीत सांगितलं, “मी आता भारतीयबिरतीय नाही. नुसता माणूस.”

बाबा बांगड्याचा काटा काढत म्हणाले, “मगे रेशनकार्डावरचा नाव काढून टाकूया काय?”

“नुसतो माणूस?” आई म्हणाली. “मगे नुसत्या माणसान जेवचा खंय, ता पण त्या लोकांकाच इचार.”

दोघं पोटभर हसली. मी रागानं ताटावरून उठलो. दीडशहाणा होतो, दुसरं काय!

नारळी पौर्णिमेला बाबा होडीपुढे गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्यानं होत नाही. एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. व्हय म्हणायला कुणी नसेल तर गाऱ्हाणं अर्धं राहिलं असं मानतात. त्या वर्षी मी तोंड मिटून उभा राहिलो. घरी परतताना बाबांना विचारलं, “देवाला ऐकू येतं याला पुरावा काय?”

“देवाक येता काय नाय, माका म्हायत नाय,” ते म्हणाले. “बाजूक जो उभो आसा, तेका येता.”

याला मी तर्कदोष म्हटलं. त्या दोषाचं नावही त्यांना सांगितलं, इंग्रजीत.

दिवाळीनंतर बाबांना जेवण जाईनासं झालं. गोव्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. पोटात कॅन्सर, आणि तो पसरलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी आकडा विचारला. ते बिचारे टाळत होते, मीच पिच्छा सोडला नाही. वर्षभर काढतील याची शक्यता शंभरात दहा, असं शेवटी ते म्हणाले. मी तो आकडा घेऊन घरी आलो.

एका सकाळी आई मासे विकायला बाजारात गेली होती. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दारातून होडी दिसत होती, वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकलेली. त्यांनी हात जोडले.

“बा देवा रामेश्वरा, ह्या दुखण्यातसून माका उठव. येत्या नारळी पुनवेक होडी माझ्या हातान दर्यात लोटूक दी रे म्हाराजा.”

आणि थांबले. घरात मी एकटाच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अहो, दोन शब्द होते. दोनच!

मी म्हणालो, “बाबा, डॉक्टर म्हणतात शंभरात दहा.”

त्यांनी जोडलेले हात सोडले, “बरा,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही.

आईला त्यांनीच सांगितलं असावं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, “व्हय म्हटला असतंस तर तुझा काय गेला असता रे, निकेता?”

मी काय केलं? सायबरात जाऊन सगळं त्या मंडळींना लिहून कळवलं. एकसष्ट जणांनी पसंती दिली. वडिलांशी इतकं खरं बोलायला धैर्य लागतं, असं एकानं लिहिलं. माझी छाती फुगली. मेल्या, तुझं तोंड जळो, असं आज मी स्वतःला म्हणतो.

बाबा शिमग्याच्या आधी गेले. डॉक्टरांचा आकडा काही खोटा नव्हता. मीही खोटं बोललो नव्हतो, आणि तेच सोसत नाही.

महिन्याभरानं मी संकेतस्थळावर कळवलं. सगळ्यांनी हळहळून लिहिलं. चांगली माणसं होती ती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांत फिनलंडची एक निवृत्त शिक्षिका होती, तिचा शब्द मी फार मानायचो. तिनं एकच ओळ लिहिली, “वडिलांनी तुला शक्यता विचारली होती का?”

गिऱ्हाईक दोनदा हाका मारून निघून गेलं. शेवटी मी लिहिलं, नाही.

पुढच्या नारळी पौर्णिमेला वाडीतल्या सगळ्यांचं आटोपल्यावर आई आणि मी किनाऱ्यावर गेलो. बाबांच्या जागी आईनं नारळ हातात घेतला.

“बा देवा रामेश्वरा, माझो झील जगात खंयय ऱ्हवांदे, कोणाचोय होवंदे, तेका सुखी ठेव रे म्हाराजा.”

मी तोंड उघडलं. इतके महिने ते दोन शब्द घशात घेऊन फिरत होतो. पण आई माझ्यासाठी थांबलीच नाही.

“व्हय म्हाराजा,” तिचं तिनंच म्हटलं, आणि नारळ पाण्यात सोडला.