त्रेपन्न मिनिटांचं विमान

पायलट उभ्या आयुष्यात विमानाची शिडी चढला नव्हता. हे नाव त्याला ऑफिसातल्या टवाळांनी दिलं होतं. त्याचं काम इंटरनेटची पानं भरण्याचं: या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अंतर किती आणि उडायला वेळ किती. नकाशावर दोन ठिपके घ्यायचे, सरळ रेघ ओढायची, विमानाच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. त्या दोन गावांमध्ये मुळात विमान जातं का, याच्याशी साहेबांना काडीचं देणंघेणं नव्हतं. दिवसाला चाळीस पानं पडली की साहेब खूश.

थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, गुरुवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. भावजी गेल्यापासून ती एकटीच. "तू ये. मला दुसरं कोणी नको," ती फोनवर म्हणाली.

इस्पितळ म्हटलं की पायलट चार हात लांब राहायचा. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो वॉर्डाच्या दारातूनच मागे फिरला होता आणि आईचं सगळं ताईने एकटीने काढलं होतं.

"अगं, बसने नऊ तास लागतात. माझी पाठ..."

"बसने कशाला? मी नेटवर बघितलं. तुझ्या गावाहून माझ्या गावाला तीनशे बारा किलोमीटर, विमानाला त्रेपन्न मिनिटं!"

ते पान त्यानेच लिहिलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत. कोणी शहाणा असता तर त्याने इथेच खरं सांगून टाकलं असतं. पण आपला पायलट कसला शहाणा! "बरं, बुधवारी दुपारच्या विमानाने येतो," म्हणून मोकळा झाला.

बुधवारी चार वाजता त्याने घसा खाकरून आवाजात दुःख आणलं आणि फोन लावला. "ताई, विमान रद्द झालं गं. धुकं पडलंय."

"अस्सं? मी विमानतळावरच आहे. तुला घ्यायला आले होते."

पायलटने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"इथला रखवालदार म्हणतो, तुमच्या भावाच्या गावाहून अठरा वर्षांत एकही विमान आलेलं नाही. मला वेडी समजून चहा पाजतोय बिचारा."

"ताई, मी..."

"भीती वाटते ना तुला?"

"हो."

"आईच्या वेळीही वाटली होती. मला कळलं होतं तेव्हाच. मलाही वाटत होती रे. पण तू आधी पळालास, मग मला पळता येईना."

स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. त्याने पिशवीत दोन कपडे कोंबले आणि तडक बसस्टँड गाठलं.

सहाची बस सुटता सुटता ताईचा फोन आला. "कुठे आहेस?"

"बसमध्ये."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? कंडक्टरला दे फोन."

पायलटने मुकाट्याने फोन पुढे केला. कंडक्टरने एकदा त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"हो ताई, बसलेत खरे," तो म्हणाला. "रडतायत, पण बसलेत."