दोन बोटं खाली

माझे सासरे ग्वान उस्ताद यांनी ईशान्य चीनमधल्या शनयांगच्या एका पंप कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं कामगारांच्या कंबरा दाबल्या. पुढे कारखाना बंद पडला, त्यामागोमाग दवाखाना, आणि आपापल्या कंबरा घेऊन कामगार मुलांकडे दक्षिणेत उबेला निघून गेले. उरली ती माझी कंबर. ती कुठे जाण्याच्या अवस्थेतच नव्हती.

दर रविवारी दोन वाजता मी सासऱ्यांच्या पलंगावर पालथा पडायचो. पहिली पाच वर्षं खरोखर गुण आला. त्यांचा अंगठा नेमक्या जागी उतरायचा आणि आत कुठेतरी अडकलेलं दार उघडल्यासारखं व्हायचं. शेवटी ते हातात एखादी बरणी द्यायचे आणि म्हणायचे, "झाकण उघड बघू. कंबर सैल झाली की हातात जोर येतो. ही चाचणी असते." मी झाकण उघडायचो, ते समाधानाने मान डोलवायचे.

तीनेक वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं. रविवारी दाबून घ्यायचं आणि बुधवारपर्यंत त्यातून सावरायचं, असा आठवडा सुरू झाला. निघण्याआधी मी दुखण्यावरची एक गोळी घेऊ लागलो.

"बाबांना सांगूया का?" मी बायकोला, श्याओमानला, विचारलं.

"काय?"

"की आता गुण येत नाही."

"तू त्यांचा शेवटचा पेशंट आहेस. तू सुटलास तर सोमवारपासून ते खिडकीत बसून बर्फ मोजतील. निमूट दुखवून घे."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्यामुळे घरात वाद घालायची मला सवय नाही.

पण या वर्षाखेरीला दोनशे चाळीस पेपर तपासून उठलो, बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. थांबलो असतो तरी रविवारच आला असता. मी गुपचूप छ्यूबाईंकडे गेलो.

छ्यूबाई म्हणजे सासऱ्यांची जुनी शिष्या. बारा वर्षांपूर्वी दोघांचं तुंबड्यांवरून, म्हणजे आत जाळ फिरवून पाठीला चिकटवायच्या पेल्यांवरून, वाजलं. सासऱ्यांचं म्हणणं, हात शाबूत असताना तुंबडी कशाला, पाठीवर शिक्के मारून गिऱ्हाईक खूश करायची ती युक्ती. बाई आपल्या बांबूच्या तुंबड्या उचलून निघाल्या आणि भाजीबाजारामागे त्यांनी दुकान थाटलं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव निघत नाही. ‘ती’ म्हटलं की पुरतं.

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दाबतं कोण?"

"घरचेच एक जण."

"घरच्यांना सांगा, कोपर बंद करा. इथे सगळं कोपराचं काम झालंय. अंगठे गेले की माणूस कोपरावर येतो."

तर्कशास्त्राचा प्राध्यापक असूनही यातून मी कोणतंही अनुमान काढलं नाही. कारण तेवढ्यात बाईंचा अंगठा उतरला आणि तीन वर्षांनी ते दार उघडलं. मला चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा पाठीवर आठ तुंबड्या चिकटलेल्या होत्या.

"बाई, हे काय!"

"हे सोबतच असतं."

"डाग किती दिवस राहतात?"

"दहा-बारा. का, बायकोचा धाक?"

"बायकोचं चालेल. सासऱ्यांना दिसता कामा नये."

हात पुसता पुसता बाई थांबल्या. मग पुन्हा पुसू लागल्या.

बाहेर उणे वीस होतं. अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट. एप्रिलपर्यंत माझी पाठ कोणालाही दिसण्याचं कारण नव्हतं. फक्त ती चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्याची चोवीस तारीख होती, आणि सत्तावीसला सगळं गाव वर्षाचं दुखणं धुऊन टाकायला सार्वजनिक न्हाणीघरात जातं. लग्नापासून मी सासऱ्यांबरोबर जातो. चोवीसनंतर तीन दिवसांनी सत्तावीस येते, हे मला आधी कसं सुचलं नाही, ते विचारू नका.

"मला सर्दी झालीय, बाबा," मी फोनवर म्हणालो.

"मग तर चलच."

श्याओमानने माझी पाठ पाहिली होती. तिने पिशवीत सर्वांत मोठा टॉवेल घातला.

न्हाणीघरात मी पाठ भिंतीला लावून खेकड्यासारखा चाललो. गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलो.

"आज बराच लाजतोयस," सासरे म्हणाले.

"सर्दी आहे."

खरी अडचण पुढे होती. अंग घासून घ्यायला पालथं पडावंच लागतं. शेजारी शेजारी दोन बाकं. सासरे एकावर डोळे मिटून पडले, तसा मी दुसऱ्यावर घाईने पालथा झालो आणि पाठीवर टॉवेल ओढला. घासणारा पहिलवान गडी होता. त्याने टॉवेल काढला आणि अख्ख्या न्हाणीघराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, या गोल डागांवरून घासू, का कडेकडेने?"

सासरे उठून बसले. मी बाकाच्या रेक्झिनमध्ये तोंड खुपसलं. पुढच्या रविवारपासून ते खिडकीत बसलेले मला स्पष्ट दिसत होते.

त्यांचं ओलं बोट एका डागाच्या कडेवरून फिरलं.

"कड जाड आहे. बांबूची तुंबडी."

"हो, बाबा."

"म्हणजे ती."

"हो."

बोट एकेका डागावरून खाली सरकत गेलं. "ही बरोबर. ही बरोबर. ही दोन बोटं खाली हवी होती. तिला पहिल्यापासून हेच सांगत आलोय." बोट शेवटच्या डागावर थांबलं. "दुखतंय अजून?"

इथे खोटं बोलण्याची मला तीन वर्षांची सवय होती. पण उघड्या अंगाने पालथं पडल्यावर माणसाला खोटं सुचत नाही.

"नाही, बाबा. तीन दिवस नाही दुखलं."

"अजिबात?"

"अजिबात."

सासऱ्यांनी सोडलेला श्वास इतका लांब होता की मी मान वळवून पाहिलं. त्यांना काही होतंय की काय असं वाटलं. ते हसत होते.

"सुटलो रे बाबा," ते म्हणाले.

"तुम्ही?"

त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या नाकापुढे धरले. मुळाशी आल्याच्या गड्ड्यासारखे सुजलेले. "चॉपस्टिक धरता येत नाही धड. तुला दाबायच्या आधी दीड वाजता गोळी घ्यायचो, तेव्हा कुठे कोपर तरी टेकायचा."

"मग थांबायचं ना!"

"थांबून काय करू? वर्गात वाकडा होऊन शिकवलं असतंस. लोक म्हणाले असते, तो बघा ग्वानचा जावई."

"बाबा, गोळी मीही घ्यायचो."

"तू कशाला?"

"तुम्ही दाबणार म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पांढरी? मधे चीर असलेली?"

"हो."

"कोण आणून देतं?"

"श्याओमान. शनिवारी."

"मलाही शनिवारीच," सासरे म्हणाले.

आधी त्यांचं पोट हलायला लागलं, मग माझं. तीन वर्षांनी पहिल्यांदा हसताना माझ्या कमरेत कळ आली नाही.

"घासू का आता?" पहिलवानाने विचारलं.

"घास," सासरे म्हणाले. "डागांवरूनच घास. चुकीच्या जागी लावलाय तो जरा जास्त."

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात श्याओमान डम्पलिंग भरत होती. आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहिलो.

"तुला दोन्हीकडचं माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तू मला सांगितलंस, गोळीचं बाबांना सांगू नको. बाबांनी मला सांगितलं, त्याला सांगू नको. मी दोघांचंही ऐकलं. या घरात तेवढं कोण करतं?" तिने डम्पलिंगची कड चिमटीत दाबली. "शिवाय रविवारी दोन तास घर माझं एकटीचं असायचं." मग तिचा हात थांबला. "म्हणजे आता रविवारी तू घरीच?"

तिच्या आवाजात खरी भीती होती.

"नाही गं," सासरे म्हणाले. "छ्यूकडे जाणार आम्ही. दोघंही."

बारा वर्षांत त्यांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं.

"तुम्ही अंगठे दाखवणार त्यांना?" मी विचारलं.

"मी त्या तुंबडीचं सांगायला जाणार. दोन बोटं म्हणजे थोडंथोडकं नाही. बोलता बोलता तिने माझे अंगठे हातात घेतले, तर काय झटकून टाकू? वर्षाची सुरुवात आहे."

डम्पलिंग ताटात आली. तीन आठवड्यांपूर्वी व्हिनेगरमध्ये घातलेला लसूण आता मुरून हिरवागार झाला असणार होता. सासऱ्यांनी त्याची बरणी फडताळातून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"चाचणी?" मी विचारलं.

"नाही रे. मला उघडत नाही."

मी झाकण उघडलं. ते घट्ट होतं.