कंटाळा आला की धोटा परत द्या

मी एक जुना धोटा आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. पोटात दोऱ्याची कांडी घेऊन मी मागावर इकडून तिकडे धावायचो, तेव्हा कुठे साडीचं कापड व्हायचं. सुरतेत नवे माग आले, त्यांना धोटा लागत नाही. झालं! मला भंगारात टाकलं. माझ्या कारागिरानं, सुकदेवनं, मला उचलून सुरतेतल्याच गोडादरा वस्तीतल्या आपल्या खोलीत आणलं.

हा सुकदेव मुलांसाठी गोष्टी लिहायचा, बरं का! पंख्याच्या वाऱ्यानं त्याचे कागद उडू नयेत म्हणून मी वर बसायचो. गोष्ट झाली की तो गल्लीतली पोरं ओट्यावर जमवायचा, मला एकाच्या हातात द्यायचा आणि आपल्या अहिराणीत म्हणायचा, "कटाळा उना की धोटा परत दे." पोरं काय, निर्दयच! भराभर परत द्यायची. सुकदेव चिडायचा नाही. जिथे धोटा परत आला, तिथून पुढचं सगळं खोडायचा. अशीच त्याची साड्यांची लेबलं खाणाऱ्या शेळीची गोष्ट तयार झाली. तिचं पुस्तक निघालं, पाठोपाठ आणखी निघाली, सत्कार झाले. शाल त्याच्या खांद्यावर, पण ऐट माझी होती.

मग घात झाला. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेले. पोरं हसतात की जांभया देतात, त्याला कळेना. आता भरवसा फक्त माझ्यावर. आणि नेमकं तेव्हाच लोक त्याला मान देऊ लागले. म्हातारा माणूस, मोठा लेखक, त्याला कसं दुखवायचं? घरोघरी आया पोरांना दटावत, "गोष्ट संपेपर्यंत धोटा देऊ नको." त्याची बायको धुरपदाबाईसुद्धा तेच सांगायची. पोरं पेंगायची, पण मला सोडायची नाहीत. त्यांच्या घामेजल्या मुठीत माझा जीव गुदमरायचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

त्याचं नवं पुस्तक प्रकाशकानं परत पाठवलं. त्यानंतरचंही परत आलं. आता त्याचा हात थरथरतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मोठ्या मुलांसाठी एक कादंबरी पुरी केली. हीच शेवटची, असं तो म्हणाला. तीही परत आली, तेव्हा तो कोसळलाच. "पोरं तर शेवटलोंग धोटा धरी ठेवतस," तो रडत म्हणाला. "मंग चुकस कोठे? मन्हं लिखाणच मरी गयं का?" त्यानं सगळे कागद रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवले.

त्याची नात योगिता गुजराती शाळेत शिकते. तिला ते बघवेना. ती कागद परत घेऊन आली, मला हातात घेतलं आणि त्याच्यासमोर बसली. सुकदेव नाइलाजानं वाचू लागला. पहिलं पान संपलं नाही तोच तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"योगिता!" धुरपदाबाई ओरडली. "आबाले काय वाटी?"

योगिता रडत होती. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "आबा, गोष्टीतली ही पोरगी नुसता उपदेश ऐकते. ती मस्तीच करत नाही. मला कंटाळा आला!"

सुकदेवनं मला छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "इतला वरीस कोनी काबर सांगं नही?" एवढंच तो म्हणाला.

त्यानं ते पान खोडलं. थरथरत्या हातानं नवीन ओळ लिहायला त्याला फार वेळ लागला. कादंबरी पुरी होईल की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. तुमच्या गल्लीत कुणी म्हातारा गोष्ट सांगत असेल तर जवळ बसा, नीट ऐका आणि कंटाळा आला तर त्याला खरं सांगा. सुकदेवनं मला आत्ताच पुन्हा योगिताच्या हातात दिलंय. तिनं मुठीत घट्ट धरलेलं नाही, म्हणून मला श्वास घेता येतोय.