आधी मातीला

सकाळ झाली ती धूसर, ओलसर, मेघमंडित. तांबड्या विटांची घरं कड्याकड्यांना बिलगून बसलेली. दरीच्या तळापासून आभाळाच्या काठापर्यंत घरंच घरं, चढच चढ, पायऱ्याच पायऱ्या. वर तारांवरून रोपवेचे रक्तवर्णी पाळणे निःशब्द सरकत होते. बोलिव्हियातल्या या गगनस्पर्शी नगरीचं नाव ला पाझ. म्हणजे शांती.

शांती म्हणे! सुनेत्राबाई चिरमुल्यांच्या तळपायाची आग मात्र मस्तकात गेली होती.

वाईहून त्या एकट्या आल्या होत्या, एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून. कशासाठी? एका पर्वतासाठी. इलिमानी त्याचं नाव. हिमकिरीटी, धवलस्कंध, या नगरीच्या उशाशी अहोरात्र उभा. त्यांचे यजमान भालचंद्रराव यांनी त्याचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, आणि वर्षानुवर्षं एकच टुमणं लावलं होतं. जाऊ या. बाईंचं उत्तरही एकच. पुढच्या वर्षी.

मग एकदा पुढचं वर्ष आलंच नाही. रुग्णशय्येवर त्यांनी बाईंचा हात धरला, आणि बाई बोलून गेल्या, “मी बघून येईन. आल्यावर तुम्हाला सांगेन.”

आता सांगणार कुणाला, कप्पाळ? पण शब्द तो शब्द.

आणि पर्वत? पर्वत ढगात. आल्या दिवसापासून ढगात. वाईचा फेब्रुवारी म्हणजे लखलखीत निळा, स्वच्छ, निरभ्र. म्हणून इथलाही तसाच असणार, हे बाईंनी घरबसल्या ठरवून टाकलं होतं. पृथ्वीच्या त्या अंगाला ऋतू उलटे फिरतात, हे शाळेत पाठ केलं होतं की! पण तिकीट काढताना आठवेल तर शपथ. इथं ऐन पावसाळा, आणि आज दुपारी परतीचं विमान. इलिमानी दिसायचा तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

म्हणून त्या चढत होत्या. टेकडीच्या माथ्यावर एक सज्जा आहे, तिथून तो अगदी समोर दिसतो, असं सगळेच सांगत. कुठं आहे तो सज्जा? पाववाली हसून म्हणाली, “आकिसीतो, नो मास.” म्हणजे हे काय, इथंच. बूटपॉलिशवाला म्हणाला, इथंच. कुत्र्याला फिरवणारा म्हातारा म्हणाला, इथंच. आपल्याकडे गावाकडची माणसं नाही का सांगत, हे काय, त्या वळणापुढं, म्हणून. आणि वळणापुढं निघतं अख्खं शिवार! तसलंच हे इथंच. इथंच म्हणजे आणखी एक जिना. इथंच म्हणजे आणखी एक उभी, निर्दय, दगडी गल्ली.

हवा विरळ, श्वास विरळ, संयम त्याहून विरळ. चार पायऱ्या चढायच्या, भिंत धरायची. चार पायऱ्या चढायच्या, देव आठवायचा. काळीज कसं उखळात मुसळ पडावं तसं धडधडत होतं.

त्यात तो प्रश्न. हॉटेलात तोच, टॅक्सीत तोच, दुकानात तोच. “सोलिता?” एकटीच? भुवया उंचावून, मान कलती करून, मायेनं ओथंबून, सोलिता? हो, एकटीच! दिसत नाही का? काय दवंडी पिटू आता? बाई मनातल्या मनात मराठीतून फाडफाड उत्तर देत, आणि तोंडानं फक्त हसत. ते हसणं त्यांना पर्वताएवढं जड जाई.

माथा आला. सज्जा आला. लोखंडी कठडा, पायाखाली विखुरलेली माणिकवर्णी नगरी, आणि समोर...

समोर ढग. शुभ्र, स्थूल, निर्विकार, निर्लज्ज ढग.

बाईंना रडू आलं नाही. संताप आला. ढगांचा आला, गुडघ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला भालचंद्ररावांचा. स्वप्न त्यांचं, हट्ट त्यांचा, चित्र त्यांनी चिकटवलेलं. आणि धापा टाकायच्या मी! इतकी घाई होती तर एकटेच गेलात ना पुढं? मग मला कशाला शब्दात बांधलंत? अशा बाई त्या ढगांशी मनसोक्त भांडल्या. ढग ऐकून घेत राहिले.

कठड्याजवळ एक बाई सरबत विकत होती. फेलिसा तिचं नाव. शेजारी बसलेली विकणारी तिला हाक मारत होती त्यावरून कळलं. दोन लांब वेण्या, चुणीदार घोळदार घागरा, डोक्यावर तोललेली गोल हॅट. सुकवलेल्या पीचचं मधुवर्णी, सोनेरी सरबत तिनं पेला भरून पुढं केलं. पेला आत्ताच कुणाचा तरी पिऊन झालेला, बादलीत नुसता विसळलेला. छे! सासरी-माहेरी कुठंच बाईंनी परक्या भांड्याला ओठ लावला नव्हता. त्यांनी मान मागं टाकली, पेला उंच धरला, आणि वरून धार सोडली.

पण इतक्या उंचीवर धारेला साथ द्यायला श्वास कुठून आणायचा? दम तुटला, ठसका लागला. निम्मं हनुवटीवर, निम्मं पायाशी मातीत. झाली शोभा! आता हसतील साऱ्या जणी.

कुणी हसलं नाही. फेलिसाचा चेहरा उजळला. तिनं स्वतःचा पेला उचलला, चार थेंब जमिनीवर सोडले, वाकून माती थोपटली, म्हणाली, “पाचामामा.” मग शेजारणीनंही तसंच केलं. आधी धरणीमातेला, मग आपल्याला. ही परकी पाहुणी न सांगता रीत पाळते, याचं दोघींना कोण कौतुक!

“अहो, सांडलं ते!” बाई मराठीतून कळवळल्या. ऐकतंय कोण? फेलिसानं पेला पुन्हा काठोकाठ भरला होता.

बाई त्या पेल्याकडे बघत राहिल्या. भालचंद्ररावांच्या दहाव्याला नदीवर तिळपाणी दिलं ते पुतण्यानं. बायकांनी घाटावर यायचं नाही, म्हणून बाई घरीच स्वयंपाकघरात बसून राहिल्या होत्या. सगळ्यांच्या हातचं त्यांना पोचलं. एक बायकोच्या हातचं तेवढं राहिलं.

त्या वाकल्या. गुडघा कुरकुरला, त्याला म्हणाल्या, गप बस. आणि या वेळी त्यांनी मुद्दाम, सावकाश, न सांडता धार सोडली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “तुमचा डोंगर काही दिसत नाहीये. नुसते ढग आहेत. चढ मेला जीवघेणा आहे. पण मी आले होते. सांगेन म्हटलं होतं, म्हणून सांगतेय.” मग त्यांनी ओली माती थोपटली. “पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बसले. चुकलं माझं.”

उरलेलं सरबत त्या प्यायल्या. पेल्याला ओठ लावून.

फेलिसानं मान कलती केली. “सोलिता?”

बाईंनी डोळे पुसले, नकारार्थी मान हलवली, आणि हनुवटीनं खालची ओली माती दाखवली.

“आकिसीतो,” त्या म्हणाल्या. हे काय, इथंच.

समोर ढग तसेच होते, शुभ्र, स्थूल, निर्विकार. पायाशी ती मधुवर्णी ओल दगडादगडाच्या फटीतून वाट काढत, हळूहळू, हळूहळू, मातीत मुरत होती.